तिसऱ्या मणक्याची कड

एका मुलीच्या मानेचा तिसरा मणका मी चुकीचा वाचला, आणि आपण चुकीचा वाचतोय हे वाचतानाच मला ठाऊक होतं. हे एवढं वाक्य कुणासमोर उच्चारायला मला फार वर्षं लागली. बायकोला सांगितलं नाही, विभागात सांगितलं नाही. मी मुळातच कमी बोलणारा. त्यामुळे मी काही लपवतोय असं कुणाला वाटलंही नाही.

दातांच्या डॉक्टरचा मानेशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. माझ्या सासुरवाडीची मंडळी अजून विचारतात. मी नगर जिल्ह्यातल्या एका दंत महाविद्यालयात शिकवतो. वेडेवाकडे दात आणि मागेपुढे असलेले जबडे जागेवर आणणं हा माझा विषय. एखाद्या मुलीचा खालचा जबडा मागे राहिला असेल, वरचे दात ओठाबाहेर येत असतील, तर त्याला इलाज आहे. पण तो जबडा वाढत असतानाच. मुलं एका काळात झपाट्याने उंच होतात. दिवाळीला घेतलेला पंजाबी ड्रेस उन्हाळ्यात आखूड होतो. त्याच सुमारास खालचा जबडाही जोरात वाढतो. तेव्हा तोंडात प्लेट बसवली, म्हणजे वर आणि खाली दोन तिरके ठोकळे, तर मूल तोंड मिटताना आपोआप खालचा जबडा पुढे घेतं, आणि वाढ त्याच्या मागोमाग येते. तो काळ निघून गेला की राहतं ते दात सरकवणं, नाहीतर ऑपरेशन.

हा काळ आला की नाही, हे जन्मतारखेवरून नीट कळत नाही. डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे ते सांगतो. त्या चित्रात जबड्यांमागे मानेचे मणकेही येतात. लहान मुलात मणक्याची खालची कड सपाट असते, पाटाच्या बुडासारखी. मग दुसऱ्या मणक्याची कड आत वळते. काही महिन्यांनी तिसऱ्याची. तिसऱ्याची कड वळलेली दिसली की समजायचं, वाढ दारात उभी आहे. तेव्हा पेशंटला ‘पुढच्या वर्षी या’ म्हणायचं नसतं.

मी म्हणालो.

तेव्हा माझा एक अभ्यास चालू होता. प्लेटमुळे जबडा नक्की किती वाढतो आणि आपसूक किती वाढला असता, हे आम्हाला वेगळं करायचं होतं. म्हणून मुलांचे दोन गट. एका गटाला लगेच प्लेट, दुसऱ्याला वर्षभर नुसतं बघायचं आणि मग प्लेट. दुसऱ्या गटात फक्त अशीच मुलं घ्यायची ज्यांची वाढ अजून लांब आहे, म्हणजे थांबल्याने त्यांचं काही बिघडणार नाही. कागदावर हे अगदी निर्दोष होतं, आणि पालकांच्या सह्याही होत्या.

पुणतांब्याच्या एका शाळेत तपासणी करताना ही मुलगी भेटली. पाचवीतली, काटकुळी. बोलताना खालचा ओठ वरच्या दातांमागे अडकायचा. तिला मी इथे थोरली म्हणतो, कारण तिला एक धाकटी बहीण आहे आणि पुढची सगळी गोष्ट तिचीही आहे. थोरलीची शाळेतली जन्मतारीख होती एक जून. आमच्याकडे एक जूनला जन्मलेल्या माणसांचा तोटा नाही; तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहायचे, शाळेच्या हिशोबात ती बरोबर बसते. त्यामुळे मी आईला विचारलं.

ती म्हणाली, ‘‘माझ्या म्हायेरी झाली, खर्ड्याला. ज्वारीची काढनी चालू हुती. पन कोनत्या सालची काढनी, ते काय आता सांगता यायचं न्हाई. आसंल वर्षाचा फरक.’’

‘‘मोठी की लहान?’’

‘‘मोठीच आसंल. लहान कशी आसंल?’’

मी हसलो. तारीख एक जूनच राहिली.

एक्स-रे निघाला. त्या काळी आम्ही फिल्म दिव्याच्या पेटीवर लावून, तिच्यावर पातळ पारदर्शक कागद चिकटवून, टोकदार पेन्सिलीने कडा गिरवायचो. जबडा गिरवला, दात गिरवले. दुसऱ्या मणक्याची कड वळलेली होती. तिसऱ्यापाशी आलो. तीही वळलेली होती. फार नाही, पण होती. शिकाऊ विद्यार्थ्यालाही दिसली असती.

त्याच सुमारास थांबणाऱ्या गटातली मुलं गळत होती. कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेले, कुणी फोन उचलेना. ही मुलगी त्या गटात बसली तर अभ्यास वेळेत उभा राहणार होता, आणि त्या अभ्यासावर माझी बढती होती. मी स्वतःशी म्हटलं, ही सावली असेल, मान थोडी वाकली असेल. पेन्सिल सरळ ओढली. सपाट.

नंतर पुष्कळदा विचार केला, की माझ्या धंद्यातली माणसं असंच चुकतात. आकडा आम्ही बदलत नाही. रेघ ओढताना, केसभर, जिकडे मन आहे तिकडे हात जातो. आणि मग त्या रेघेवर पट्टी ठेवून अतिशय काळजीपूर्वक मोजमाप करतो.

वर्षाने ती आली तेव्हा आईच्या खांद्याला लागली होती. मणके पूर्ण बदललेले. तिच्या सुळ्यांची आणि दाढांची मुळं, जी आदल्या चित्रात टोकाशी उघडी होती, ती मिटत आली होती. मी प्लेट दिली. तिने ती इमानाने वापरली, शाळेत बोबडी म्हणून चिडवून घेतलं, आणि हनुवटी जवळपास होती तिथेच राहिली. तिच्या वडिलांना मी म्हणालो, ‘‘प्रत्येकाचं हाड वेगळं असतं.’’ ते मान हलवून निघून गेले ते परत आले नाहीत. निबंध छापून आला. बढती झाली.

मग या गेल्या हिवाळ्यात राहात्याला पेरू घ्यायला थांबलो. रस्त्याच्या कडेला टेम्पो लावून विकतात तिथे. पेरू निवडताना आवाज आला, ‘‘वळखलं का डॉक्टर?’’

तेच वडील. केस पांढरे झालेले, बाकी तेच. टेम्पोच्या फळीवर एक मुलगी पाय हलवत बसली होती, अकराएक वर्षांची. हातात पेरू. तो पुढच्या दातांनी तोडता येत नव्हता, म्हणून मान तिरकी करून ती बाजूच्या दाढांनी कुरतडत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि वजनकाट्यावरचे पेरू विसरलो. तोच अडकलेला ओठ. तीच मागे गेलेली हनुवटी.

‘‘धाकटी,’’ वडील म्हणाले. ‘‘दोगींना एकाच साच्यात घातलंय देवानं.’’

‘‘हिला घेऊन या,’’ मी म्हणालो. ‘‘उशीर करू नका.’’

ते थंडपणे पेरू पिशवीत भरत राहिले. ‘‘नको डॉक्टर. राग मानू नका. थोरलीला म्हनालात वरीसभर थांबा, आमी थांबलो. म्हनालात ठोकळे घाला, घातले. पोरीनं हसं करून घेतलं आन हनुवटी हुती तितंच. आता ह्या येड्या नादाला न्हाई लागनार.’’

‘‘प्रत्येकाचं…’’ मी सुरुवात केली आणि थांबलो. तेच वाक्य परत तोंडात आलं होतं.

‘‘हाड येगळं आसतं,’’ त्यांनीच पुरं केलं. ‘‘ध्यानात हाय.’’

घरी येईपर्यंत मला एवढं स्पष्ट झालं होतं: ती धाकटी आत्ता, याच महिन्यांत, त्या दारापाशी उभी आहे. तिच्या वडिलांचा विश्वास माझ्यामुळे गेला. आणि तो परत आणायला माझ्यापाशी खऱ्याखेरीज काहीही नव्हतं. मी गोड बोलून त्यांना गळ घालू शकलो असतो. पण मग ते दुसऱ्यांदा फसवणं झालं असतं.

विभागात जाऊन जुनी फिल्म काढली. मनात एक वेडी आशा होती, की खरंच सावली असेल. नव्हती.

रविवारी पुणतांब्याला गेलो. घर वस्तीवर, पेरूच्या बागेला लागून. मोटारसायकलचा आवाज ऐकून आई बाहेर आली आणि पदर सारखा करत म्हणाली, ‘‘आवं, डॉक्टर! आन न सांगता?’’ मला ओसरीवर खुर्ची दिली. वडील समोर बाजेवर बसले. धाकटी दारातून बघत होती. थोरली आतून पाणी घेऊन आली. आता ती एकोणीस-वीसची, कोपरगावला कॉलेजात जाते. पाणी देताना तोंड मिटलेलं. ओठ दातांवरून ओढून घट्ट धरलेले. ती सवय मी ओळखतो. तशा ओठांनी माणसं वर्षानुवर्षं वावरतात.

मी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. एकही उपयोगी पडलं नाही.

‘‘बाळ, तू पण बस,’’ मी म्हणालो.

‘‘बाळ नका म्हणू सर,’’ ती म्हणाली. ‘‘माझी वाढ संपलीय.’’

आई दचकून म्हणाली, ‘‘आगं!’’ पण मला ते बरंच वाटलं. निदान सुरुवात झाली.

मी सांगितलं. मणका, कड, गट, गळणारी मुलं, माझी बढती. फिल्म बरोबर नेली होती. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मी बोलायचा थांबलो तेव्हा बागेत पोपट ओरडत होते आणि कुणी त्यांना हाकलायला उठलं नाही.

‘‘म्हंजी,’’ वडील सावकाश म्हणाले, ‘‘तुमाला तवाच ठावं हुतं.’’

‘‘हो.’’

तेवढ्यात घरातला बल्ब पेटला. लाइट आली होती. वडील उठले, ‘‘मोटार चालू करून येतो,’’ म्हणाले आणि विहिरीकडे गेले. लाइट कधी जाईल सांगता येत नाही, हे खरं. पण मला वाटतं त्यांना तेव्हा माझ्यासमोर बसवत नव्हतं.

थोरलीने हात पुढे केला. ‘‘दाखवा.’’

मी फिल्म उजेडाकडे धरली. तिने ती माझ्या हातातून घेतली, ओसरीच्या कडेला गेली आणि स्वतः उन्हात धरली. स्वतःच्या डोक्याचा सांगाडा, बाजूने. बराच वेळ बघत होती.

‘‘कुठला तिसरा?’’

मी बोटाने दाखवला.

‘‘हे तर दिसतंय,’’ ती म्हणाली. ‘‘मला पण दिसतंय.’’

‘‘हो.’’

‘‘तेव्हा प्लेट दिली असती तर हनुवटी नक्की पुढे आली असती?’’

‘‘नक्की नाही सांगता येत. बहुतेक आली असती, थोडी तरी. काहींची वेळेत देऊनही फारशी येत नाही.’’

‘‘म्हणजे तुम्ही माझं काय घेतलंत, तेही मोजता येत नाही.’’

‘‘नाही येत.’’

ती हसली. पहिल्यांदा ओठ उघडले. हसू चांगलं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. ‘‘आणि मी एवढी वर्षं समजत होते, मीच नीट घातली नाही प्लेट. रात्री काढून ठेवायचे ना कधी कधी. आईला माहीत नाही.’’

‘‘मला ठावं हाय,’’ आई म्हणाली. ‘‘उशीखाली ठिवायचीस.’’

माझ्या खोट्याने हिच्या डोक्यावर हे ओझं बसलं असेल, हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. मी फक्त हाडाचा विचार करत होतो. ‘‘तुझी काही चूक नव्हती,’’ मी म्हणालो. ‘‘कधी रात्री काढून ठेवली म्हणून काही झालं नाही. माझ्यामुळे झालं.’’

वडील आले. पाय चिखलाने भरलेले. बाजेवर न बसता खांबाला टेकून उभे राहिले. ‘‘मंग आता धाकटीचं म्हनताय.’’

‘‘तिची वेळ आत्ता आहे, असं मला बघून वाटतं. एक्स-रे काढल्याशिवाय खात्री नाही. माझ्याकडे आणा असं म्हणायला मला तोंड नाही. पण कुणाकडे तरी न्या. नाशिकला न्या, नगरला न्या. फक्त थांबू नका.’’

‘‘तुमच्याकडंच आणू,’’ थोरली म्हणाली.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. ‘‘तू म्हनतीस?’’

‘‘पण फोटो हे वाचणार नाहीत. दुसरं कुणी वाचेल. आणि वाचताना मी तिथे उभी राहणार.’’

दारातून धाकटीने विचारलं, ‘‘मला कुणी विचारनार हाय का?’’

‘‘तुला ठोकळे घालायचेत तोंडात,’’ थोरली म्हणाली. ‘‘बोबडी होशील. पोरं चिडवतील. घालशील?’’

‘‘तुला चिडवायची ती पोरं आता कुटं हायेत?’’

‘‘एक तर आपल्याच गावच्या दुकानात किराणा बांधतोय.’’

‘‘मग घालीन,’’ धाकटी म्हणाली. ‘‘त्याला मी गप बसवीन.’’

सोमवारी सकाळी विभागातल्या एका सहकारी डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा वयाने लहान, कामात माझ्यापेक्षा कडक. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आत्ता मला का सांगताय?’’

‘‘मला एकट्याने रेघ ओढायची नाही.’’

त्या रागावल्या होत्या. ते लपवलंही नाही. मग म्हणाल्या, ‘‘एक्स-रे नाव झाकून पाठवा. वय पण झाका. कुणाचा आहे ते मला कळता कामा नये.’’ आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, झाकणं सोपं आहे. त्याच आठवड्यात ते धाकटीला घेऊन आले; तिचा एक्स-रे इतर काही मुलांच्या एक्स-रेंमध्ये मिसळून मॅडमकडे गेला. थोरली मॅडमच्या खुर्चीमागे उभी राहिली, ओळख न देता. मी बाहेर, कॉरिडॉरमध्ये, वडिलांच्या शेजारी. त्यांनी खिशातून बडीशेप काढून थोडी माझ्या हातावर ठेवली.

थोरली बाहेर आली. ‘‘वळलीय,’’ एवढंच म्हणाली. ‘‘दुसऱ्याची पण, तिसऱ्याची पण. नाव उघडल्यावर मॅडम म्हणाल्या, हिचं माप आजच घ्या.’’

माप घेतलं. पुढच्या आठवड्यात ठोकळे बसले.

त्यानंतरचे महिने साधेच होते, पण मला ते माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले वाटतात. धाकटी पहिल्या दोन आठवड्यांत ‘स’ विसरली. जिभेला ठोकळ्यांची सवय व्हावी म्हणून मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. थोरली तिला रोज संध्याकाळी पेपर वाचायला लावायची. वडिलांचा फोन यायचा, ‘‘डॉक्टर, घरात कोन बोलतंय त्येच कळंना. पोरगी बाजारभाव वाचती आन म्हातारा पोपट पाळल्यावानी वाटतंय.’’ मागून धाकटी ओरडायची, ‘‘थगळं कळतंय मला!’’ किराणा दुकानातल्या मुलाला तिने खरंच गप्प बसवलं. कसं, ते मला अजून सांगितलेलं नाही.

दरम्यान विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग ज्या नियतकालिकात निबंध आला होता त्यांना मी आणि मॅडमनी मिळून लिहिलं, की त्यातलं एक वाचन चुकीचं आहे, ते जाणूनबुजून होतं, आणि ते वगळून हिशोब पुन्हा करावा लागेल. अजून त्याचं पूर्ण मिटलेलं नाही. माझ्या पदाचं काय होईल, ठाऊक नाही. पण विभागात एक गोष्ट झाली. नव्या अभ्यासात कुठल्याही मुलाला नुसतं बघण्यासाठी थांबवायचं नाही, असं ठरलं. तुलनेसाठी जुन्या फिल्म वापरायच्या, इथल्याच मुलांच्या. कपाटात त्या भरपूर पडून आहेत. मी आणि विद्यार्थी त्या स्कॅन करतो आहोत. प्रत्येक फिल्म दोन जण वेगवेगळी वाचतात, नाव झाकून. माझी वाचनं इतरांशी पुष्कळदा जुळतात. जुळली नाहीत तर विद्यार्थी आता मला बिनधास्त म्हणतात, ‘‘सर, तुमची रेघ बाहेर गेलीय.’’

दिवाळीच्या सुट्टीत धाकटीचा दुसरा एक्स-रे काढला. तिची उंचीही वाढली होती. आईने तिच्या सलवारीला खाली पट्टी जोडली होती, वेगळ्या रंगाची. यावेळीही नाव झाकून मॅडमनी वाचला. मग दोन्ही चित्रं, आधीचं आणि आत्ताचं, कवटीच्या बुडाशी जुळवून एकावर एक ठेवली. कवटीचा तो भाग फारसा बदलत नाही, त्यामुळे बाकी काय सरकलं ते दिसतं. आधीची रेघ काळी, आत्ताची लाल.

मॅडमनी दार उघडून थोरलीला हाक मारली, आणि मलाही. सगळेच आत शिरलो.

हनुवटीपाशी दोन रेघा वेगळ्या झालेल्या होत्या. काळी मागे राहिली होती आणि लाल पुढे, खाली गेली होती. मी मोजायला पुढे झालो नाही. मॅडम आकडे सांगत होत्या. थोरली ते ऐकत नव्हती, नुसती बघत होती. तिने स्क्रीनवर दोन रेघांमधल्या जागेत बोट ठेवलं आणि तसंच धरलं.

‘‘यातलं थोडं तिचं आपोआप वाढलंय,’’ मी म्हणालो. ‘‘सगळं प्लेटमुळे नाही.’’

‘‘माहिताय सर. तुमचा अख्खा अभ्यास त्यावरच होता ना.’’ टोमणा होता, पण धार कमी झाली होती. मग ती धाकटीला म्हणाली, ‘‘ये गं, बघ. ही तू ठोकळ्यांआधी, आणि ही तू आत्ता.’’

धाकटीने आधी स्क्रीनकडे आणि मग भिंतीवरच्या आरशाकडे बघितलं. ‘‘आरशात लई कळत न्हाई,’’ ती म्हणाली. आता तिचा ‘स’ परत आला होता. त्या वाक्यात ‘स’ नव्हता, पण पुढच्यात होता: ‘‘पन ओठ मिटायला सोपं जातंय.’’

वडील म्हणाले, ‘‘मला तर दिसतंय बाबा.’’ ते चष्म्याशिवाय बघत होते, तेव्हा त्यांना खरं किती दिसलं कोण जाणे.

वडील आणि धाकटी बाहेर गेले. आई खाली पेशंटच्या बाकावर डबा घेऊन थांबली होती. थोरली मागे राहिली. मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘आता माझं सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘ऑपरेशनचं. आणि ऑपरेशन न करता काय होईल तेही. मी अजून काही ठरवलेलं नाही. पण सगळं सांगा, वाईटासकट.’’

‘‘मॅडमकडून ऐक,’’ मी म्हणालो. ‘‘त्या नीट…’’

‘‘नाही. तुम्ही सांगा. त्या चूक असेल तिथे थांबवतील.’’

मॅडमनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः टेबलावर बसल्या. मी थोरलीचा, धाकटीबरोबरच आज काढलेला, नवा एक्स-रे उघडला, नाव न झाकता, आणि वाईटापासून सुरुवात केली: खालचा ओठ काही महिने बधिर राहू शकतो, कधीकधी थोडा कायमचाच. तिने पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, ‘‘कधीकधी म्हणजे किती वेळा?’’